सोलापुरात लिहिणारी माणसं एकमेकांना भेटतात कुठं?

बदली_कामगार

परवा एका लग्नात मेव्हण्यानं ओळख करून दिली, 'हे आमचे दाजी, लिहितात.' समोरचा माणूस भला होता, त्यानं मनापासून विचारलं, 'कुठं बसता, कलेक्टर कचेरीसमोर का कोर्टात?' म्हणजे त्याला मी अर्ज लिहून देणारा वाटलो. म्हणलं नाही हो, कथा लिहितो. तर 'हां हां, असू द्या' म्हणाला आणि जिलेबीकडं वळला. त्या 'असू द्या'वर दोन दिवस विचार करलालो, शेवटी म्हणलं इथंच टाकावं.

वय ५४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. वडील गिरणीत बदली कामगार होते, आयडी तिथून घेतला. बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे बरं का. पाळी सुरू व्हायच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोण आला नसला तर त्याच्या जागी तुम्हाला आत घेणार, सगळे आले असले तर डबा तसाच घरी. माझं लिहिणं पण ह्याच पद्धतीनं चाललंय, घरातलं नाहीतर कारखान्यातलं एखादं काम गैरहजर राहिलं की त्या जागी मी आत. ३० वर्षांत दोन पुस्तकं झाली, दुसऱ्याच्या १९० प्रती अजून दिवाणात आहेत, पाहुणे झोपतात त्याच्यावर.

वाचायला लागलो ते विडीमुळं. म्हणजे ओढायला नव्हे. आम्ही पूर्व भागातले, बोळात चौदा घरं, बारा तेलुगू, एक कानडी आणि एक आमचं. दुपारी ओट्यावर बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. पानं रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापलेली, मग चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, पुढची. मजुरी हजार विड्यांवर असते त्यामुळं हात थांबला की पैसे थांबले. मी चौथीत होतो तेव्हा शेजारच्या अक्कांनी हाक मारली, शाळेत काय शिकवतात ते मोठ्यानं वाच म्हणाल्या. मोबदला एक शेंगालाडू. धड्याचं पुस्तक आठवड्यात संपलं, मग वाचनालयातनं गोष्टींची पुस्तकं आणून वाचायला लागलो, मग कादंबऱ्या. त्यांना मराठी अर्धी कळायची. पण तुम्हाला सांगतो एवढे कडक समीक्षक मला परत भेटले नाहीत. तोंडानं कोणी काही बोलायचं नाही, हात बोलायचे. गोष्टीनं धरलं की हात सावकाश व्हायचे, एखाद्या ठिकाणी तर दोरा बोटात तसाच. आणि लेखक वाहवत गेला की हात भराभर चालायला लागायचे. एका कादंबरीत सूर्यास्ताचं चार पानी वर्णन होतं, तेवढ्यात अक्कांचं २५ विड्यांचं अख्खं बंडल बांधून झालं. तेव्हापासून मला सूर्यास्त लिहायची भीती वाटते.

पुढं हिराचंद नेमचंद वाचनालय, निर्मलकुमार फडकुले सरांची व्याख्यानं ऐकायला सायकल मारत जाणं वगैरे झालं, ते इथल्या बऱ्याच जणांचं सारखंच असणार. लिहिणारी माणसं मात्र मला ३५ वर्षांपर्यंत भेटलीच नाहीत. २००६ ला आपल्याकडं साहित्य संमेलन झालं, मारुती चितमपल्ली अध्यक्ष. मी जेवणाच्या रांगेत. पुढचा माणूस खिशातनं चिठ्ठी काढून डोळे मिटून पुटपुटत होता, कविकट्ट्यावर नंबर लागला तर म्हणून पाठांतर. माझ्या मागचा एकदम म्हणाला, 'मालक, दुसरी ओळ पडली.' म्हणजे कोसळली. पुढचा रागानं मागं वळला, दोघं माझ्या डोक्यावरनं भांडायला लागले, भात संपला तिकडं. त्या भांडणातनं आमचा कट्टा निघाला. महिन्याचा पहिला रविवार, रात्री नऊ, नवी पेठेतलं एक कँटीन. नियम दोनच. एकानं एकच पान वाचायचं. ऐकणाऱ्यानं आपलं लक्ष नेमकं कुठं उडालं ते सांगायचं, 'छान' म्हणायचं नाही. जो छान म्हणेल त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे.

एका काळी नऊ जण होतो. एक कोविडमध्ये गेला, दुसरी ओळ पडली म्हणणारा तोच. एक पुण्याला लेकीकडं राहायला गेला. बाकीचे ग्रुपवर गेले, तिथं रोज सकाळी कविता येतात आणि त्याखाली बारा हात जोडलेले. आता आम्ही दोघं उरलोय, आणि दोघांना एकमेकांची पानं आता न वाचताच कळतात.

तर विचारायचं होतं, तुम्ही लोकं कुठं भेटता? भेटता का?

हुरडा_पार्टी

मालक काय लिहिलाव राव. सूप मांडीवर घेऊन वाचल्यासारखं वाटलं.

सोलापूर सुटून १९ वर्षं झाली, पुण्यात आयटीत आहे. इथं रोज संध्याकाळी कुठंतरी प्रकाशन, कुठंतरी अभिवाचन, मुलाखत, सगळं आहे. मी जातो, मागच्या खुर्चीत बसतो, टाळ्या वाजवतो, बटाटेवडा खातो, परत येतो. १९ वर्षांत एकानं विचारलं नाही की तू काय लिहितोस. एकदा धीर करून एका मोठ्या लेखकाला म्हणलं मी पण थोडं लिहितो, तर ते 'लिहीत राहा' म्हणाले, म्हणजे तुमचं ते 'असू द्या'च, फक्त शुद्ध भाषेत.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेस पकडून गावाकडं येतो तेव्हा कुर्डुवाडीच्या पुढं डब्यात 'बे' ऐकू यायला लागतं, मग काहीतरी लिहावंसं वाटतं. फोनच्या नोट्समध्ये अशी ४० एक अर्धवट पानं आहेत. सगळी कुर्डुवाडी ते सोलापूर.

शंकेखोर

लेख चांगला आहे पण मूळ मुद्दा पटला नाही. लिहिणं एकट्यानं करायचं काम आहे. लेखक एकत्र आले की लिखाण होत नाही, संस्था होते. मग अध्यक्ष, मग कार्याध्यक्ष, मग दोन गट, मग दोन दिवाळी अंक. मराठी माणूस १९०९ पासून, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाच्या पहिल्या दिवाळी अंकापासून, दिवाळीत वाचतो आणि उरलेले अकरा महिने लिहितो. वाचणारा कोण हा प्रश्न आहे, भेटणारा कोण हा नाही.

माझा अनुभव सांगतो. पहिलं पुस्तक आल्यावर महिन्याभरात पत्र आलं, 'आपल्या साहित्यकृतीची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क १५०० रुपये.' संस्थेचं नाव घेत नाही. मी दिले. सभागृहात आम्ही ६० जण होतो आणि साठही पुरस्कार विजेते. एकमेकांसाठी टाळ्या वाजवून घरी आलो. शाल बरी होती, आई वापरायची. हे झालं आमचं लेखकांना भेटणं.

बदली_कामगार

@शंकेखोर, साठ जण भेटले आणि एकानं एक पान वाचून दाखवलं नाही, ह्याला मी भेट धरत नाही. शालीचं मात्र वाईट वाटलं, गावात एवढ्या चादरी असताना.

टाइप_कारागीर

+१ शंकेखोर, साठातली निदान पाच पुस्तकं माझ्याकडं जुळलेली असणार.

डीटीपीचं काम करतो, २६ वर्षं झाली. ह्या जिल्ह्यातल्या कितीतरी पुस्तकांचा पहिला वाचक मी, पण धाग्यात कोणाला आठवण नाही, असू द्या. तर थोडी आतली माहिती. पुस्तकाची पानं १६ च्या पटीत पडतात, सोळा पानांचा एक फर्मा. हो, विडीला पण फर्मा आणि छपाईला पण फर्मा, आमचा पण पत्र्यासारखाच कडक. ९६, मग ११२, मग १२८. कवी येतात ९९ पानं घेऊन. आता तीन पानं काढा म्हणलं तर काळजाचा तुकडा मागितल्यासारखं बघतात. म्हणून मग तेरा पानं भरायची. 'मनोगत', 'ऋणनिर्देश', 'दोन शब्द' (हे कधीच दोन नसतात), प्रस्तावना, कवीचा परिचय, कोरं पान, अर्पणपत्रिका, ह्या सगळ्यांचा जन्म इथं होतो. मराठी कवितासंग्रहाच्या सुरुवातीला एवढी गर्दी का असते ह्याचं उत्तर साहित्यात हुडकू नका, कागदात हुडका.

पूर्वी आवृत्ती म्हणजे हजार नाहीतर अकराशे प्रती. आता तीनशे, आणि डिजिटल मशीनवर तर पन्नास पण काढून देतो. दिवाणात जागा वाचते. दुसरं, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये घेतला की रफार उडी मारून शेजारच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरं फुटतात, ते परत एक एक बसवायचं. ते करताना प्रत्येक शब्द वाचावाच लागतो. एका कवितेत दुसरी ओळ पडलेली होती (तुमच्या त्या मित्राची आठवण आली वाचताना). मी एक शब्द बदलला, न विचारता. कवीच्या अजून लक्षात आलेलं नाही, प्रकाशनात त्यानं तीच ओळ दोनदा वाचली. नाव सांगणार नाही, फटके पडतील. हलके घ्या.

सोन्नलगी

माझी आयडी बघून लोक विचारतात म्हणून आधीच सांगतो, सोन्नलगी हे आपल्याच गावाचं जुनं नाव, सिद्धरामेश्वरांच्या वचनांच्या काळातलं, बारावं शतक. वचनं कानडीत. गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाबरोबर पांढरी बाराबंदी घालून चालणारे किती जण त्यांना कवी म्हणून ओळखतात माहीत नाही, पण ह्या गावाचं दैवतच मुळात लिहिणारं आहे, आणि ते सुद्धा एकटं नाही, बसवण्णा, अल्लमप्रभू ह्या सगळ्यांच्या संगतीतलं. बसवकल्याणचा अनुभवमंटप म्हणजे काय होतं, कट्टाच की. शंकेखोर साहेबांनी ह्याच्यावर विचार करावा.

आमच्या घरात कानडी, गल्लीत तेलुगू, शाळा मराठी, मित्र दखनी बोलणारे. मी मराठीत लिहितो पण पैसे कानडीत मोजतो आणि शिव्या, जाऊ द्या. ह्याचा त्रास असा की एक भाषा पूर्ण आपली म्हणून सांगता येत नाही आणि फायदा असा की कुठलाच शब्द आपोआप येत नाही, निवडावा लागतो. चितमपल्लींच्या घरी तेलुगू होतं, लक्ष्मीनारायण बोल्लींच्या घरी पण तेलुगू, आणि मराठी बघा दोघांचं. चितमपल्ली शेवटी सोलापुरातच येऊन राहिले होते, पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये आणि त्याच जूनमध्ये गेले. जंगलात उभा जन्म काढलेला माणूस ह्या धुळीच्या गावात परत आला ह्याचं मला फार वाटलं होतं.

आणि एक नाव ह्या धाग्यात आलंच पाहिजे, जयदेवीताई लिगाडे. सोलापूरच्या, कानडी आणि मराठी दोन्हीत लिहिलं. १९७४ ला मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. म्हणजे कर्नाटकानं पहिली बाई अध्यक्ष निवडली ती महाराष्ट्रातली, आपल्या गावची. विचारून बघा गावात किती जणांना माहीत आहे.

कडक_भाकरी

बरं झालं कोणीतरी जयदेवीताईंचं नाव घेतलं, नाहीतर एवढ्या वेळात धाग्यात बाई फक्त विड्या वळताना आणि शाल पांघरतानाच दिसली होती. राग मानू नका दादा, पण तुमचा कट्टा रात्री नऊला, नवी पेठेत, कँटीनमध्ये. नऊ जणांत बाई किती होत्या? मी सांगते, शून्य. नियमात नव्हतं ते, वेळेत होतं. रात्री नऊला माझ्या ओट्यावर भांडी असतात आणि मोठ्याचा दहावीचा अभ्यास.

आम्ही कुठं भेटतो ते सांगते, भिशीत. शाळेतल्या आम्ही अकरा जणी, शिक्षिका आणि एक क्लार्क ताई, महिन्याला हजार रुपये. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कोणाच्या तरी घरी. पूर्वी भिशी म्हणजे चिठ्ठी, खाणं आणि सासूविषयी दोन शब्द (हे पण कधीच दोन नसतात). सात वर्षांपूर्वी एकीची चिठ्ठी निघाली आणि ती रडायलाच लागली, पैसे नकोत म्हणाली, पर्समधनं वही काढली, म्हणाली मला एक वाचायचंय. आम्ही सगळ्या गप्प. पंधरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसतो, कोणाला माहीत नव्हतं ती लिहिते ते. नवऱ्याला पण नाही. तिचं झाल्यावर दुसरी म्हणाली माझं पण आहे, घरी आहे, डाळीच्या डब्याखाली. अकरापैकी चौघींचं काही ना काही निघालं. तेव्हापासून नियम झाला, जिची चिठ्ठी निघेल तिनं वाचायचं, स्वतःचं नसलं तर दुसऱ्या कोणाचं पण वाचायचंच. आमच्याकडं 'छान' चालतं हां. पंधरा वर्षं वही डाळीच्या डब्याखाली ठेवलेल्या बाईला पहिल्या दिवशी 'तुझी दुसरी ओळ पडली' म्हणून चालत नाही. दुसऱ्या वर्षापासून म्हणायचं.

बदली_कामगार

ताई, शून्यच होत्या. एकदा एक मॅडम आल्या होत्या, दोन वेळा आल्या, मग आल्या नाहीत, आम्ही म्हणलं त्यांना रस नसेल. तुमचं वाचल्यावर घड्याळाकडं बघितलं.

विड्यांवरचं पण बरोबर आहे. अक्कांनी मला ऐकलं, मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्हाला काय सांगायचंय. त्या विड्या वळताना तेलुगूत गाणी म्हणायच्या, एकीनं सुरू करायचं, दुसरीनं उचलायचं. मी त्या वेळेला लाडू खात असायचो.

दखनी_दिमाग

भाई लोगो, हौ, तुम्ही सगळे एक गोष्ट विसरलालाव. ऐकायची पण रीत असते.

मी दोन्हीकडं जातो, मुशायऱ्याला पण आणि मराठी कवी संमेलनाला पण. मुशायऱ्यात शायरानं पहिली ओळ म्हणली की लोक ती उचलतात, परत म्हणा म्हणतात, मुकर्रर म्हणतात, शायर तीच ओळ तीनदा म्हणतो, लोकांना अंदाज येतो की आता काफिया, म्हणजे यमक, काय पडणार, आणि त्यानं वेगळाच टाकला की सभागृह उठून उभं. ओळ पडली तर तिथल्या तिथं कळतं, शांतता होते. मराठी कवी संमेलनात शांतता म्हणजे आदर. माणूस वाचून जातो, खाली बसतो, त्याला कळतच नाही की बरं झालं का वाईट. शोकसभेत बसल्यासारखे लोक. पहिल्यांदा मराठी कविता वाचली तेव्हा मला वाटलं काहीतरी चुकलं, घाबरून शेवटचं कडवं गाळलं आणि उतरलो. नंतर तीन जण भेटून म्हणाले फार सुंदर. अरे बाबांनो तेव्हा का नाही बोलला.

शंकेखोर भाई एकट्यानं लिहायचं म्हणतात. राम जोशी ह्याच गावचे ना. लावणी समोर माणूस नसताना करून दाखवा बघू.

आणि फकरुद्दीन बेन्नूर सरांचं नाव लिहून ठेवतो. १९९० ला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन इथंच सोलापुरात झालं, त्याच्यामागं सर होते. आमच्यासारख्या पोरांना, ज्यांच्या घरात उर्दू आणि शाळेत मराठी, त्यांना पहिल्यांदा वाटलं की दोन खोल्यांमध्ये एक दार आहे. चार पुतळ्यांपाशी गेलात तर बघा, ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवत होते. लिहिणारा माणूस. भेटायची जागा विचारताय ना, मला तर तीच बरी वाटते.

हुरडा_पार्टी

चार पुतळ्यांपाशी रविवारी संध्याकाळी भेटून कविता वाचणार? ट्रॅफिक ऐकलाव का तिथला. मुकर्रर म्हणायच्या आत रिक्षावाला हॉर्न मारतो.

नवी_वही

नमस्कार, मी इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. वय २१, एम ए ला आहे आणि दुपारनंतर एका कपड्याच्या शोरूमला काम करते. मला कोणी ओळखत नाही लिहिणाऱ्यांपैकी. आईला माहीत आहे.

माझा एक प्रश्न आहे. मी एक कथा लिहिली होती आजी आणि नातवाची, आजी विडी कामगार, कुंभारीच्या घरकुलात राहणारी. ती एका अंकाला पाठवली, त्यांनी घेतली, छापून आली, मला खूप आनंद झाला आणि मग वाचली. आजी माझ्या कथेत म्हणते 'काय करलालास बे, उन्हात कशाला बसलास', तर छापलेल्या अंकात आजी म्हणते 'काय करत आहेस रे, उन्हात का बसला आहेस'. सगळीकडं असंच. माझी आजी एकदम आकाशवाणीवर बातम्या द्यायला लागली. फोन केला तर म्हणाले भाषा शुद्ध करावी लागली. मी थँक्यू म्हणलं आणि ठेवला. आता पुढची कथा लिहायला घेतली की आजी बोलतच नाही. म्हणजे मी आधीच शुद्ध करूनच लिहायला लागलेय आणि ते लिहिताना मलाच खोटं वाटतंय. तुम्ही लोक काय करता अशा वेळी?

कडक_भाकरी

अगं बाळा, थँक्यू कशाला म्हणलीस.

सोन्नलगी

@नवी_वही, मी मराठीचा शिक्षक नाही पण एवढं सांगतो, आजीच्या तोंडातलं 'करलालास' काढलं की आजी सोलापूरची राहत नाही, ती कुठलीच राहत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे बघ, 'अक्करमाशी' १९८४ ला आलं, तिथली भाषा कोणी बातम्यांसारखी करून मागितली असती तर काय उरलं असतं? पुढच्या वेळी कथेबरोबर चिठ्ठी लाव, संवाद बोलीत आहेत, बदलू नयेत, बदलायचे असतील तर कथा परत करावी. संपादकाला राग येत नाही ग, उलट कळतं की माणूस जागा आहे. नाहीतर निवेदन प्रमाण भाषेत ठेव आणि बोलणं बोलीत, हा मधला रस्ता बरेच जण घेतात.

शंकेखोर

मधला रस्ता घेऊ नका. निवेदन करणारी सुद्धा सोलापूरचीच आहे ना? ती का म्हणून पुण्याची होईल.

(मी कोणाला भेटत नाही पण मत आहे.)

टाइप_कारागीर

@नवी_वही, अजून एक प्रॅक्टिकल गोष्ट. अंकवाल्यांकडं प्रूफ मागायचं. मिळेलच असं नाही, पण मागायचं. आणि मजकूर नेहमी युनिकोडमध्ये पाठवायचा, फोटो काढून पाठवला की दुसरा कोणीतरी परत टाइप करतो आणि टाइप करणाऱ्याचे हात आपोआप 'करत आहेस' कडं जातात. माझे पण जातात, खोटं कशाला बोलू. एकदा एका शेतकऱ्याच्या आत्मकथनात मी नऊ ठिकाणी 'हाय'चं 'आहे' केलं होतं, सवयीनं. ते बिचारे प्रूफ घेऊन दुकानात आले, नऊही ठिकाणी लाल पेनानं गोल केलेले, आणि म्हणाले, 'हे माझं न्हाई.' परत केलं सगळं. त्या दिवसापासून बोलीतलं पुस्तक आलं की पैसे थोडे जास्त घेतो, पण हात लावत नाही.

दखनी_दिमाग

नऊ गोल. वाह. मुकर्रर.

बदली_कामगार

@नवी_वही, बाकीच्यांनी सांगितलंय त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडं एकच आहे. ती कथा छापलेली नको, वहीतली, आजीला वाचून दाखव. मोठ्यानं. आजी नसल्या तर आईला. कुठं हसतात आणि कुठं हातातलं काम परत सुरू करतात ते बघ, तोंडाकडं बघू नको.

आणि सगळ्यांसाठी, कडक_भाकरी ताईंचं वाचल्यापासून डोक्यात आहे. ह्या रविवारी दुपारी साडेचारला भेटू या का? सिद्धेश्वर तळ्याकाठी बसायला जागा आहे, डिसेंबरात ऊन पण लागत नाही. सहाला मोकळे. एक पान प्रत्येकी. 'छान'चा नियम आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्यांना ताईंचा नियम लागू.

कडक_भाकरी

साडेचार चालतंय. भिशीतल्या दोघी येतील, डाळीच्या डब्यावाली पण. धपाटे आणते, शेंगाचटणी कोणीतरी आणा.

हुरडा_पार्टी

ह्या शुक्रवारी तिकीट वेटिंगला आहे बे. कन्फर्म झालं तर ४० पैकी एक पान आणतो.

शंकेखोर

मी येणार नाही. तळ्याच्या कुठल्या बाजूला?

बदली_कामगार

झाली भेट, थोडक्यात टाकतो.

आठ जण जमलो आणि नवी_वहीच्या आई. आई आमच्यात बसल्या नाहीत, पलीकडं पिशवीतली मेथी निवडत बसल्या. पोरीनं वाचायला घेतलं, आवाज पहिली पाच वाक्यं ऐकूच येईना, दखनी_दिमाग 'फिर से बोलो बेटा' म्हणाले तेव्हा परत पहिल्यापासून वाचलं. 'काय करलालास बे' आलं आणि पलीकडनं आई एकदम मोठ्यानं हसल्या. मेथी खाली सांडली. पोरीनं मान वर केली नाही पण त्याच्या पुढचं सगळं तिनं वेगळ्याच आवाजात वाचलं.

डाळीच्या डब्यावाल्या ताईंनी वाचलं त्याच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, त्यांनी नको म्हणून सांगितलंय. एवढंच की दखनी_दिमाग तीनदा मुकर्रर म्हणाले आणि त्यांनी तीनदा वाचलं. हुरडा_पार्टीचं तिकीट कन्फर्म झालं नाही, त्यांनी पान फोनवर पाठवलं, ते टाइप_कारागीरांनी वाचलं आणि शपथ घेऊन सांगतो एक शब्द बदलला नाही. सोन्नलगींनी आधी एक कानडी वचन म्हणलं, अर्थ कळायच्या आत चाल कळली.

मी माझं पान वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात तळ्यावरच्या उन्हाचं थोडं वर्णन होतं. आईंनी मेथीची एक अख्खी जुडी संपवली तेवढ्यात. काढलाय तो परिच्छेद.

शंकेखोर पावणेसहाला आले, उभ्या उभ्या एकाचं ऐकलं आणि तोंडातनं 'छान' निघून गेलं. दहा चहा, ९० रुपये, त्यांनी दिले.

शंकेखोर

९० नाही, १०० दिलेत. दहा परत यायचेत, पुढच्या रविवारी घेतो.